हद्दीचा ओढा

माझा दीर भित्रा होता, असं पुलाकडचे लोक अजून म्हणतात. सारखा पडून पडून पडायचीच सवय झाली, आणि निवडून यायची वेळ आली तेव्हा पायाला पाय लावून पळाला, असंही म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या तोंडाला मी तेव्हाच कुलूप घातलं असतं, पण त्याने मला गप्प बसवलं होतं. आता तो नाही. ज्यासाठी गप्प बसायचं तेही उरलेलं नाही. तेव्हा ऐका.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. अख्खी आळीच रंगाऱ्यांची. घरामागे हौद, हौदांमागे ओढा. कापड उकळायचं, बुडवायचं, पिळायचं, ओढ्यात खळाळून धुवायचं आणि गच्चीवर वाळत टाकायचं. आमच्या पुरुषांचे हात कोपरापर्यंत निळे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याने हातमोजे घातलेत. म्हटलं, मोठे हौशी दिसतात.

दीर तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. सासूबाई गेल्यावर त्याला मीच वाढवला. मारही मीच दिला, मायाही मीच. पुढे माझा नवरा गेला, तेव्हा त्याने कारखाना सांभाळला आणि माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन रंगाच्या काहिलीत काठी कशी फिरवायची ते शिकवलं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "वहिनी, घरात एक बाई ओरडायला आहे ना, दुसरी कशाला?"

त्याला एकच खूळ होतं. आमच्या मतदारसंघातून आजवर जो दिल्या घरी पाठवलेल्या लेकीसारखा राजधानीला गेला आणि तिकडचाच झाला, तो एकतर वकील, नाहीतर गिरणीवाला. दीर म्हणायचा, "त्या सभागृहात एकदा तरी निळ्या हाताचा माणूस बसला पाहिजे. मग त्याने बसून नुसती जांभई दिली तरी चालेल." म्हणून तो उभा राहायचा आणि पडायचा. इतक्या वेळा पडला, की लोक त्याला नावाने हाक मारायचंच विसरले. 'उमेदवार' म्हणायचे. केस कापणारासुद्धा म्हणायचा, "या उमेदवार, बसा खुर्चीवर. निदान ही तरी तुमचीच."

पण तो का पडायचा ते मला माहीत आहे. माणूस वाईट होता म्हणून नव्हे.

आमचा मतदारसंघ पहिल्यांदा आखला तेव्हा डोंगरापासून पुलापर्यंत होता. उगवतीच्या अंगाला हद्द म्हणून कागदावर एकच शब्द होता: ओढा. दीर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला डोंगरावरच्या खाणीत कोणी ओळखत नव्हतं. अनामत जप्त झाली. मग पुढची सगळी वर्षं तो डोंगर चढला. खाणकामगारांच्या खोल्यांत बसला, त्यांच्यातल्या एकाचा हात मशिनीत गेला तेव्हा त्याला घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. डोंगर त्याला ओळखायला लागला. आणि सरकारने हद्दी बदलल्या. डोंगर दुसऱ्याला दिला, त्याच्या बदली आम्हाला रेल्वेच्या वसाहती दिल्या. तिथे याला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून. इंजिनवाल्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा. त्यांची ओळख झाली, बायका याला 'भाऊ' म्हणायला लागल्या, तोवर वसाहतींचा अर्धा तुकडा काढून घेतला आणि पुलाकडची वस्ती जोडली. मी म्हणायचे, "अरे, हा मतदारसंघ आहे की भाड्याची खोली? सामान लावून होतंय तोवर मालक बाहेर काढतोय."

तो हसायचा. म्हणायचा, "वहिनी, ओळख वाया जात नाही."

मतं वाया जातात, हे मी ओठांवर आणत नसे.

त्यातून गंमत अशी, की सगळ्या पक्षांचे झेंडे आमच्याच हौदांत रंगायचे. याला पाडणाऱ्या वकिलाच्या झेंड्याचा रंग कच्चा निघाला तर हा स्वतः पुन्हा बुडवायचा. मी चिडले तर म्हणायचा, "पडायचं ते मतांनी पडावं, फिक्या रंगाने नको."

शेवटी पुलाकडच्या लोकांनी त्याला आपला मानला. तिथे एक पाववाली होती, भट्टीच्या धगीने लाल झालेली, आवाज भोंग्यासारखा. तिने वस्तीत दारोदार फिरून सांगितलं, "या खेपेला निळे हात." दर वेळी याला पाडणारे वकीलसाहेब म्हातारे झाले होते. त्यांनी दिराला घरी बोलावून सांगितलं, "मी थकलो. आता उभा राहणार नाही, आणि तुझ्यासमोर कोणी टिकेल असं वाटत नाही." त्या दिवशी तो घरी आला तो जिन्यावरच बसला. वर चढेना. मी म्हटलं, "काय रे, पडलास का?" तर म्हणाला, "नाही गं वहिनी. या वेळी बहुतेक नाही."

मी त्याच्यासाठी सभागृहात घालायला कोट शिवायला टाकला. शिंप्याला बजावलं, बाह्या आखूड ठेव, मनगटं दिसली पाहिजेत.

आता ओढ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

हा ओढा पहिल्यापासून आमच्या मागे नव्हता. पूर्वी तो आळीच्या पुढच्या बाजूने, लांब, मळ्यांच्या कडेने जायचा. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात पाण्याची ओढाताण झाली, तेव्हा आळीतल्या पुरुषांनी वरच्या अंगाला खणून तो आपल्या मागे वळवून घेतला. मळेवाले म्हणतात चोरला. आम्ही म्हणतो वळवला. शब्दाचं काय, पाणी आमच्याकडे होतं. मळेवाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण ओढा आपोआप सरकला नाही, माणसांनी वळवला, याला पुरावा कुठे होता? तेव्हापासून आळीचा एक नियम. ओढ्याबद्दल परक्या माणसाने काहीही विचारलं, तर लहानथोरांनी एकच उत्तर द्यायचं: पहिल्यापासून इथेच आहे. नवी सून आली की तिला आधी हे वाक्य शिकवायचे, मग चूल दाखवायचे.

मतदारसंघाच्या कागदावर 'ओढा' लिहिलं होतं, ते जुन्या नकाशावरून. म्हणजे मळ्यांकडचा, आटलेला. त्या हिशेबाने आळी ओढ्याच्या अलीकडे, मतदारसंघाच्या आत. ओढा आमच्या मागे येऊन वाहतोय, म्हणजे आम्ही पलीकडे गेलोय, हे कोणी कधी जागेवर येऊन पाहिलंच नव्हतं. आळीच्या शाळेत मतदान व्हायचं, आम्ही मतं द्यायचो, चाललं होतं.

मग एक दिवस मोजणीवाली मुलगी आली. डोक्यावर टोपी, हातात तिपाई. दीर पुलाकडे गेला होता. आळीत सगळ्यांत मोठे माझे चुलतसासरे, ते बाकड्यावर बसलेले. त्यांच्याभोवती दहा रिकामटेकडे. मुलगी चांगली होती बिचारी. तिने नकाशा उलगडून दाखवला आणि विचारलं, "आजोबा, जुन्या नकाशात ओढा तिकडे मळ्यांजवळ दिसतो. मधे कधी सरकला का?"

चुलतसासरे म्हणाले, "ओढा म्हणजे काय म्हैस आहे का बाई, दावं तोडून जायला?"

सगळे खो खो हसले. मुलगीही हसली. "मग पहिल्यापासून इथेच?"

"पहिल्यापासून इथेच," सगळे एका सुरात. शाळेत पाढे म्हणतात तसे.

तिने लिहून घेतलं. चहा घेतला. गेली.

दीर आला तेव्हा चुलतसासरे त्याला रंगवून रंगवून सांगायला लागले, पाणीखात्याच्या पोरीला कसं वाटेला लावलं ते. तोही हसत होता. मधेच थांबला. "टोपी होती का तिच्या डोक्यावर? आणि नकाशात लाल रेघ?"

"होती की."

"काका, ती पाणीखात्याची नव्हती. हद्दी आखायला आली होती."

"मग?"

"मग काय. ओढ्याच्या पलीकडे जे, ते आपल्या मतदारसंघात नाही. आणि ओढा पहिल्यापासून इथेच आहे असं तुम्हीच सांगितलंत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चुलतसासरे काठीने जमिनीवर रेघा ओढत बसले.

नुसती आळी गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण आळीबरोबर तिच्या पुढची, मळ्यांपर्यंतची सगळी वस्ती जात होती, आणि तेवढी माणसं वजा झाली की मतदारसंघ नेमलेल्या आकड्याला पुरत नव्हता. पुरत नाही तो मोडायचा, असा नियम. मोडून त्याचे तुकडे आजूबाजूच्या तिघांना वाटायचे. आमचा तुकडा जाणार होता मळेवाल्यांच्या मतदारसंघात. नशिबाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

हरकती घ्यायला मुदत होती. वकीलसाहेबांनी निरोप पाठवला: सुनावणीला जा, एक वाक्य बोल. ओढा वळवलेला आहे, खरी हद्द जुनी आहे. जुना नकाशा तुझ्या बाजूने आहे, मतदारसंघ वाचेल.

वाचला असता. ते एक वाक्य बोलला असता तर सगळं वाचलं असतं, पाणी सोडून. कारण हद्दी आखणाऱ्या आयोगाच्या कागदावर एकदा 'ओढा वळवला' असं चढलं, की मळेवाल्यांना आणखी काय हवं होतं? तो कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी कोर्टात. आणि ओढा परत त्यांच्या कडेला.

त्या दिवसांत आळी त्याच्याशी बोलेनाशी झाली. कोणी म्हटलं नाही की सांग, कोणी म्हटलं नाही की सांगू नकोस. तो आला की हौदावरची माणसं जरा जास्तच वाकून काम करायची. बोलला तो माझा मुलगा. सकाळी सगळे जेवायला बसलो होतो. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "काका, एका खुर्चीला किती हौद लागतात?"

मी म्हटलं, "जीभ आधी चुन्यात बुडवून धुऊन ये. ज्याच्या खांद्यावर बसून वाढलास त्याच्याशी बोलतोयस."

"खांद्यावरून उतरून बराच काळ झाला, आई. आज माझ्या भरवशावर बारा घरं आहेत."

दीर म्हणाला, "त्याचं बरोबर आहे वहिनी. ओरडू नको त्याला." आणि पुढचा घास घेतला. चावत मात्र राहिला, गिळला काही नाही.

दुपारी गच्चीवर आम्ही दोघं वाळलेलं कापड काढत होतो. तो एक टोक धरून उभा, मी दुसरं. घडी घालत जवळ येतो तसे जवळ आलो. त्याने विचारलं, "वहिनी, तू सांग. मी काय करू?"

इकडे माझा मुलगा, तिकडे माझाच वाढवलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हटलं, "तुला त्या सभागृहात बसलेला बघायला मी कोट शिवायला टाकलाय, एवढं तुला माहीत आहे. पुढचं मला विचारू नकोस. जे करशील ते मान वर करून कर."

"बरं," म्हणाला, आणि घडी माझ्या हातात दिली.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. मी बरोबर गेले. पुलाकडून पाववाली आणि तिची माणसं भरून आली होती, रेल्वेकडचे आले होते, डोंगरावरचे सुद्धा काही जण आले, त्यांचा संबंध सुटून जमाना झाला तरी. भिंतीलगत मळेवाल्यांचा मुकादम बसला होता. शेजारी त्याचा वकील, कागद मांडीवर, पेन उघडून. ते आमचं वाक्य टिपायला आले होते.

दिराचं नाव पुकारलं. तो उठला, तशी पाववालीने टाळी वाजवली. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी तिला चष्म्यावरून गप्प केलं आणि दिराला विचारलं, "आपण त्या आळीतलेच?"

"तिथेच जन्मलो."

"प्रश्न साधा आहे. जुन्या नकाशात आणि आजच्या पाहणीत फरक दिसतो. तो ओढा मूळ जागेवरून कधी वळवला गेला का?"

बोलायच्या आधी त्याने हात मागे घेतले. तो हात कधी लपवत नसे. मी मागच्या बाकावर बसले होते, मला त्याची दोन्ही मनगटं दिसत होती, एकमेकांत घट्ट धरलेली.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून तिथेच आहे."

"म्हणजे या हद्दीला आपली हरकत नाही?"

"हरकत नाही."

इतक्या निवडणुका लढला, पण व्यासपीठावरून तो खोटं कधी बोलला नव्हता. तुमच्या गल्लीत दिवा येईल का विचारलं तर म्हणायचा, माहीत नाही. म्हणून तर पडायचा. मुकादमाच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. टिक् असा आवाज आला. मग पुलाकडच्या बाकांवरून कुजबूज सुरू झाली आणि ती काही थांबेना.

बाहेर पायऱ्यांवर मुकादम वाट बघत उभा होता. त्याच्या बापाने आणि आमच्या सासऱ्यांनी एकमेकांची डोकी फोडलेली. तो दिराजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मानलं तुला. पाण्यासाठी खुर्चीला लाथ मारलीस. आमच्यात असा कोणी निपजला नाही."

दीर म्हणाला, "कसलं पाणी?"

मुकादम हसला. "असू दे, असू दे. पहिल्यापासून तिथेच आहे." आणि गेला.

खरं काय ते ओळखणारा एक निघाला तो वैरी. आमची म्हणावी ती माणसं मागून आली. पाववाली पुढे. डोळे पुसून पुसून तिच्या गालाला पीठ लागलं होतं. "एक शब्द बोलायचा होता हो तुम्ही. एक शब्द. आता आम्हाला पावासारखं कापून तिघांत वाटतील. आम्ही कोणाचे? भीती वाटली का तुम्हाला? या वेळेलाही पडाल म्हणून?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, सगळं बाहेर येणार होतं, ओढा, मळे, आजेसासरे, सगळं. त्याने माझा दंड धरला. एवढा जोरात त्याने मला कधी धरलं नव्हतं.

"हो," तो तिला म्हणाला. "भीती वाटली."

आणि मान खाली घातली. मी त्याला मान वर ठेवायला सांगितलं होतं. पण मान वर ठेवून ते वाक्य बोलता आलं नसतं, हे मला तिथे पायऱ्यांवर कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मतदारसंघ गेला. जाताना काही वाजत नाही. वकीलसाहेबांच्या कचेरीवरची पाटी उतरवली, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. पुढच्या निवडणुकीत आम्ही मळ्यांजवळच्या गोदामात मतं द्यायला गेलो. दिराने रांगेत उभं राहून मत दिलं. तिथल्या बाईने विचारलं, "व्यवसाय?" तर म्हणाला, "रंगारी." मागून कोणी 'उमेदवार' म्हटलं नाही. तिथे त्याला तसं कोणी ओळखतच नव्हतं.

कोट मी शिंप्याकडून आणला नाही. त्याने दोनदा निरोप पाठवला. मग त्यानेही सोडून दिलं.

त्या मतदारसंघात मळेवाले जास्त, आम्ही मूठभर. त्यांनी मुकादमाचा पुतण्या निवडून दिला. पोरगा हुशार निघाला. कोर्टात गेला नाही, पुरावा मागितला नाही, भांडला नाही. निवडून आलेल्या माणसाला ते लागत नाही. त्याने सरकारकडून वरच्या अंगाला बंधारा मंजूर करून घेतला, पाटाने पाणी मळ्यांना. अगदी कायद्याने. आम्ही अर्ज दिले. आमचा खासदार कोण? तोच. अर्ज त्याच्याकडेच गेले. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना.

बंधारा बांधून होत होता तेव्हा दीर अंथरुणाला खिळला होता. फुप्फुसं गेली होती, रंगाऱ्यांची जातातच. त्याची खोली मागच्या अंगाला, खिडकीखाली ओढा. बंधाऱ्याचं त्याला कळू द्यायचं नाही, असं मुलाने आळीभर बजावून ठेवलं होतं. आळी गुपित ठेवण्यात पटाईतच.

पाणी आधी बारीक झालं, मग डबकी राहिली, मग चिखल. हौद एकेक करून कोरडे पडले. माणसं काम सोडून गेली. मुलगा दिवसभर मोकळ्या हौदांच्या काठावर बसायचा, संध्याकाळी हात ओले करून वर जायचा, काकाला दिसावेत म्हणून. नळाखाली ओले करायचा. मी बघायचे.

एकदा मी दिराला पेज भरवत होते. मुलगा आला, पायाशी बसला. दिराने विचारलं, "पाणी कसं आहे रे?"

"भरपूर आहे काका. हौद भरलेत. काल दोन गठ्ठे धुतले."

दिराने खिडकीकडे तोंड केलं. जन्मापासून त्या ओढ्याच्या आवाजात झोपलेला माणूस. किती दिवस त्या खिडकीतून काहीही ऐकू येत नव्हतं, रस्त्यावरच्या सायकली आणि कोणाची तरी खोकल्याची उबळ सोडली तर. तो बराच वेळ ऐकत राहिला. मुलाचं डोकं खाली. मग दिराने हात लांब करून त्याच्या ओल्या हातावर ठेवला.

"छान," म्हणाला. "मग माझं चुकलं नाही."

मुलगा उठून बाहेर गेला. जिन्यात त्याचं रडणं मला ऐकू आलं, तसं दिरालाही आलं असणार. मी पेजेचा चमचा पुढे केला. त्याने मान हलवली, नको म्हणाला.

तो गेला तेव्हा आळी आली, चुलतसासऱ्यांना खुर्चीत बसवून आणलं, मुकादम आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. पुलाकडून कोणी आलं नाही. ते आता दुसऱ्याचे मतदार आहेत, आणि त्यांच्या मते तो भित्रा होता. म्हणून हे लिहिलं. पाववाली अजून आहे म्हणतात, भट्टी मुलाने घेतली. कोणी तिकडे जाणारं असेल तर तिला वाचून दाखवा.